चौदा जणांची नजर

मंगळवार होता हो, अगदी साधा मंगळवार! मी आपली लाखोळीची डाळ निवडत बसले होते, तर मोबाइल वाजला. वाचते तर काय, ‘अभिनंदन! तुमच्या गाडीवर चौदा जणांची नजर आहे!’ आता तुम्हीच सांगा, एकट्या बाईच्या दारात गाडी, तिच्यावर चौदा जणांची नजर, आणि वर अभिनंदन! मी आधी उठून दाराला कडी लावली. घाबरू नको तर काय करू?

गाडी माझ्या मुलीच्या, प्रतिक्षाच्या, बाबांची. मागच्या दिवाळीनंतर ते गेले... असो. मुलगी पुण्याहून म्हणाली, “आई, गाडी उभी राहून सडून राहिली. मी ऑनलाइन लिलावात टाकते. बोली कोणाले लावू द्यायची, ते फक्त तू पाह्य. माणूस बरा वाटला तर हिरवं बटन, नाही तर लाल.” फक्त म्हणे! पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून काय मला फोनवरून माणूस ओळखता येतो? त्यात शेजारच्या कौशल्याबाई भिंतीवरून, “पाहून घेजा बाई! गाडी विकली अन् कागदावरचं नाव बदललं नाई, तर तो कोणाले उडवन, अन् पोलीस तुमच्या घरी येतीन!” झालं! दुपारचं जेवण गेलं नाही.

मग मी आपली पद्धत लावली. सोयरिकीच्या वेळी करतो ना आपण चौकशी? गाव कोणतं, मामाचं गाव कोणतं, घरी कोण कोण, पितो का... तीच! पहिला फोन. “मॅडम, मैं बाहर पोस्टिंग पे हूँ, पैसा अभी भेजता हूँ, आप बस ये कोड स्कैन कर दीजिए.” मी विचारलं, मामाचं गाव कोणतं? “जी?” लाल! दुसऱ्यानं गाडीचं काहीच विचारलं नाही. “काकू, घरी एकट्याच राहता का?” लाल! आणि कडी पुन्हा तपासली. तिसरा नाकाडोंगरीचा, आवाजानं सज्जन, पण मामाचं गाव सांगितलं आणि निघाला माझ्या नणंदेचा चुलत दीर! उद्या क्लच गेला तर प्रत्येक लग्नात मी खांबामागे लपून जेवायचं का? लाल! चौथा फार गोड बोलला... गोड बोलणाऱ्याची तर जास्तच भीती. लाल! असे तेरा लाल. घाबरू नको तर काय करू?

प्रतिक्षा फोनवर ओरडली, “आई, तू गाडी विकून राहिली का गाडीचं लग्न लावून राहिली?”

उरला एक. एकोडीचा कैलाश. धानाची शेती, आईला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी हवी. मामाचं गाव कारधा. कारध्यात दोन घरी फोन करून विचारलं, पोरगं चांगलं! तो म्हणाला, “मॅडम, एकदा बसून पाहतो.” बायकोला, गुड्डीला, घेऊन आला. चपला बाहेर काढल्या. मी चहा दिला.

आता गाडीचं असं, की बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी ती पाच मिनिटं सुरू करते. आमचे हे सहा फुटांचे, सीट त्यांनी लावलेली तशीच, पार मागे. माझा पाय पोचत नाही, मी आपली टोकावर, स्टिअरिंगला लोंबकळत! कैलाशही माझ्याच उंचीचा. बसला, पाय पोचेना, त्यानं सीट पुढे ओढायला खाली हात घातला, आणि मी किंचाळले, “हात नको लावू!” गुड्डीचा चहा सांडला, कौशल्याबाई भिंतीवर उगवल्या, आणि तो बिचारा दोन्ही हात वर करून बाहेर. “मॅडम, मी का केलं जी?”

मी फडकं आणायच्या निमित्तानं आत पळाले. तेरा जणांना लाल दाबलं, तेव्हासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते.

जाताना गुड्डी हळूच म्हणाली, “विकाची असन तर सांगजा मॅडम. आमी थांबतो.”

काल दाबलं मी हिरवं बटन. बोली लावणारा एकटाच, लिलाव तोच जिंकला! रविवारी तो गाडी न्यायला येणार. गाडी धुतली, कागद काढून ठेवले, डिकी रिकामी केली.

सीट पुढे घ्यायची तेवढी राहिली आहे.