माझ्या लेकीला रक्त न देणाऱ्या साधनाताई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉ. राधेश्यामजी, व्यासपीठावरील मान्यवर, सेवानिवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती साधनाताई, रक्तपेढीचे सर्व कर्मचारी आणि जालन्यातल्या मस्तगडच्या या सभागृहात उन्हातान्हाचे आलेले माझे बंधू-भगिनी, सर्वांना नमस्कार.

मी बद्रीनाथ, वडीगोद्रीचा निवृत्त मुख्याध्यापक. ताईंच्या गौरवासाठी मला बोलावलं, यात आयोजकांचं मन मोठं आहे. कारण सहा वर्षांपूर्वी याच ताईंना मी भर दुपारी, चारचौघांत, खुनी म्हणालो होतो.

माझी धाकटी मुलगी तृप्ती जालन्यात बाळंत झाली. मुलगा झाला. पेढे आणायला माणूस निघालाही होता. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. रक्तस्राव थांबत नव्हता, दोन पिशव्या ताबडतोब हव्या होत्या. तिच्या कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं. ओ रक्त काय, कुठेही मिळतं! मी रक्तपेढीत धावलो. साधनाताईंनी नमुना जुळवायला घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा जुळवला. तिसऱ्यांदा जुळवला.

“सर, ओच्या एकाही पिशवीशी जुळत न्हाई. गुठळ्या होऊन राह्यल्या.”

“मंग माझं घ्या. बिलकुल सगळं घ्या!”

“तुमचं बी चालणार न्हाई, सर.”

सभ्य गृहस्थहो, बापाचं रक्त लेकीला चालत नाही, हे ऐकून कोणता बाप शुद्धीवर राहील? माझी पत्नी नंदाबाई त्यांचे पाय धरून म्हणत होती, “बाई, कंचं बी द्या, पण जल्दी द्या.” आणि ताई एकच सांगत होत्या, “हे रक्त दिलं तर त्यानंच जीव जाईल. मी देणार न्हाई.”

तृप्तीचा गट होता बॉम्बे. पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून हे नाव. साध्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो, पण त्याला ओसुद्धा चालत नाही. फक्त बॉम्बेच लागतं. युरोपात म्हणे दहा लाखांत असा एखादा माणूस. आपल्याकडे दहा हजारांत एक. माणसांच्या वस्त्या बदलतात तसं रक्ताचं प्रमाणही बदलतं, हे मी वर्गात शिकवलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं.

ताईंनी माझ्यासमोर फोनवर फोन लावले. सोलापूरला एक दाता मिळाला. त्यानं रक्त दिलं, गाडी निघाली. गाडी बीडच्या अलीकडे असताना तृप्ती गेली.

मी रक्तपेढीत परत गेलो आणि जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. ताई खाली मान घालून उभ्या होत्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वडीगोद्रीला आमच्या दारात आल्या. मी म्हणालो, “निघा इथून.”

त्या म्हणाल्या, “सर, शिव्या मंग द्या. आधी मोठ्या ताईचं रक्त पाहू द्या.”

माझी थोरली राजनंदिनी नाशिकहून आल्ती. चौथा महिना होता. तिनंच पदर सावरून हात पुढे केला. तिचाही गट बॉम्बे निघाला.

त्या दिवशी ताईंनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून समजावलं. नंदाबाई माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. दोन घरं जोडलेली राहावीत म्हणून थोरल्यांनी केलेलं लग्न. आमचे स्वतःचे गट साधेच, पण दोघांच्याही अंगात तो गुण लपून होता, आणि दोन्ही लेकींना आम्ही तो नकळत दिला. “यात तुमचा दोष न्हाई,” ताई म्हणाल्या. खरं असेल. पण अध्यक्ष महाराज, हे वाक्य मी सहा वर्षं रोज मनाला सांगतो आणि मन ऐकत नाही.

पुढचे पाच महिने ताईंनी राजनंदिनीसाठी काय केलं नाही? दोन दाते शोधले, त्यांच्या तारखा जुळवल्या, बाळंतपणाआधीच पिशव्या फ्रीजमध्ये ठेवल्या. तिलाही तसाच रक्तस्राव झाला. पण तिला रक्त मिळालं. मायलेकी जगल्या.

आज राजनंदिनी स्वतः बॉम्बे गटाच्या रक्तदात्यांच्या यादीत आहे. माझ्या माहितीत आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्यांपैकी त्या यादीत आणखी एकच नाव आहे. दोन नावं! एवढ्या लोकांत! आता ताई निवृत्त होतात, ही यादी कोण सांभाळणार? कोण तीन-तीनदा जुळवून पाहणार? मी हात जोडून विनवतो: कार्डावर ओ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रक्त जुळवल्याशिवाय घेऊ नका, आणि घरात असा एक सापडला तर त्याची सगळी भावंडं तपासा. आमच्यासारखी एक लेक गमावून शिकू नका.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी संधी दिली, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पदरात घ्यावं. त्या दुपारच्या शब्दांची क्षमा मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती मी ताईंकडे, आज इथे, सर्वांसमोर मागतो. आणि त्यांनी दिली नाही, तरी माझी तक्रार नाही.