यानेतचा वाढदिवस

हवानात पावाच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी बोलत होत्या.

"अगं ओदालिस, निवड झाली! माझी यानेत बॅलेच्या मोठ्या शाळेत!"

"काय सांगतेस! पण तिची ती नाच शिकवणारी बाई काठीनं पोटऱ्या फोडायची ना?"

"फोडू दे की! 'गाढवी' म्हणायची, म्हणून तर पोर घडली!"

"माझ्या पोरीला हात लावला असता, तर काठी मोडून हातात दिली असती."

"म्हणून तुझी घरी बसलीय!"

"बसू दे, हसते तरी. बरं, पंधराव्या वाढदिवसाला आपल्या रिवाजाप्रमाणे यानेत बापाबरोबर नाचली का गं?"

"काय नाचली! सगळे बघतच राहिले!"

"बाप रडला असेल."

"रडला ना! नाच संपल्यावर गाल कुरवाळायला त्यानं हात उचलला, तर ही डोळे घट्ट मिटून म्हणते, 'चुकलं, परत करते.'"