लाल गाडीचं झाकण

—आवो ऱ्हाऊ द्या कुंडलिकराव, माफी कसली, उलट मीच मागाय पायजे. शिलाई माझी, बटणं माझ्या दुकानातली, मग खोट बी माझीच. बसा तुमी. च्या सांगितलाय. विजयसिंहनं फोन केलाच व्हता सकाळी — म्हणला, मेव्हण्याला धाडतोय, झाकणाची बटणं तेवढी बदलून दे. म्हणलं दे धाडून. त्यो काय परका हाय व्हय? वालचंदनगरला एका बाकावर शिकलो आमी. ती लाल उघडी गाडी त्यानं पुण्यावनं आणली, दोन शिटांची, तवा घरी न्यायच्या आदी हितं बारामतीला माझ्या दुकानाम्होरं हुबी केली. म्हणला, ज्ञानदेव, छप्पर पाडून गाडी लावली की कारखान्याची काजळी पडती शिटांवर, पाचट उडून येतं, काय तरी कर. मोबाईलवर फोटू दावला. टोनो कव्हर म्हणत्यात म्हणं त्याला. आमी आपलं झाकण म्हणतो.

तुमी पाव्हणं, तुमाला ठावं नसंल, म्हणून सांगतो. हे शिटांवर ताणून बसवायचं, कडंनी समदी टिचबटणं, आन् मदोमद ही चेन. एकटाच जाणार असला तर चेन उघडायची, आपल्या बाजूचं कापड दुमडायचं आन् बसायचं, शेजारची शीट झाकलेलीच ऱ्हाती. कुणी संगं असलं की तिकडची बी बटणं काढायची — झालं. आमच्या दिशानं बसवली ही बटणं. पोरगी फार्मसीला जात व्हती तवा, पर सुट्टीत दुकानात यायची, हात लई नेटका तिचा. विजयसिंह तितंच खुर्चीवर बसलेला, म्हणला, दिशे, तुझ्या लग्नात नवरीला ह्याच गाडीतनं न्हेणार, काका सोता चालवणार. ती हसली. पर म्या ते मनात धरलं. समद्यांना सांगितलं. तुमाला म्हणून सांगतो, म्या गाडी कुठं वळायची ते बी ठरवून ठिवलं व्हतं. गावात आमच्या वस्तीतनं विहाराकडं जायाचं म्हंजी पेठंतनं जावं लागतं, आन् पेठंत दोनी अंगाला त्याच्या भावकीची घरं. आमच्यातली पोरगी तितनं उघड्या गाडीत बसून जाणार, शेजारी विजयसिंह — आमच्या आईनं हे बघाय पायजे व्हतं. जाऊ द्या.

आला की त्यो लग्नादिवशी. न्हाय म्हणायला जागा न्हाय, येळेवर आला, फेटा बांधून, गाडीला झेंडूच्या माळा. फकस्त त्याच्या बाजूची शीट उघडी. शेजारची झाकलेली. दिशा पांढरी साडी नेसून दारात, आन् त्यो खाली उतरून मला म्हणतो, ज्ञानदेव, घात झाला, तिकडची बटणं गंजून गच्च बसल्यात, रात्रीपासनं झटतोय, निघत न्हाईत. म्या हात घातला तर त्यानं माझा हात धरला — नको, फाटंल, तुझीच मेहनत हाय. डोळ्यात पाणी व्हतं हो त्याच्या. उलट म्याच पाव्हण्यांना सांगितलं की बाबांनो, त्याची काय चूक न्हाय, माझं काम कच्चं निघालं. मग गाडी म्होरं, आन् माझी लेक मागनं चालत. पेठंत त्याची भावकी वट्यावर हुबी व्हती, त्यो समद्यांना हात करत व्हता. साडीचा काठ मातीनं भरला तिच्या. ती मला हळूच म्हणली, आबा, पितळंची बटणं हायत ती, पितळ कसं गंजंल? आन् म्या तिच्यावर खेकसलो — लग्नाच्या दिवशी, चारचौघात — म्हणलं, काकाला खोटं पाडतीस व्हय? ती फलटणला नांदाय गेली, तवापास्नं फोनवर जेवढ्यास तेवढं.

पर चूक माझीच. म्हणून तर म्हणलं, धाडून दे, नवी बटणं बसवून देतो. आना हिकडं, उलगडू द्या. हां. कापड तर झ्याक ऱ्हायलंय. एक बी बटण उपटल्यालं दिसंना. कुठं फाटलं बी न्हाय की — मला वाटलं पक्कड लावून काढलं असंल. गाडीवरनं काढलं कुणी, कुंडलिकराव? विजयसिंहनं?

तुमी काढलं?

आज सकाळी? कशानं? न्हाय, हत्यार कुठलं घेतलं? स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, तेल बील सोडलं असंल. नुसत्या हातानं. ह्या बाजूचं बी? शेजारच्या शिटंचं? म्हंजी असं बोट घातलं आन् टक् टक् निघत गेलं. आन् त्यो कुठं व्हता तवा? शेजारी हुबा व्हता. काय म्हणला त्यो? काय बी न्हाय.

बरं.

तुमी कशाला वशाळता, तुमाला काय म्हाईत. त्यानं मला आदी येऊन सांगायचं व्हतं, ज्ञानदेव, भावकीम्होरं माझी छाती व्हत न्हाय. वंगाळ वाटलं असतं, पर म्या समजून घेतलं असतं. म्या दुसरी गाडी केली असती, न्हायतर आमी वाजतगाजत चालत गेलो असतो, आमच्या पायात काय काटं न्हाईत. पर त्यानं माझा हात धरला. माझ्या तोंडानं माझंच काम कच्चं म्हणवून घेतलं, माझ्या लेकीला माझ्याच हातनं गप केलं, आन् आता बटणं बदलून मागतोय.

न्हाय, ठिवू नका हितं. घडी करून न्या. बदलण्यासारखं काय न्हाय त्यात. त्याला सांगाय बी काय नको, तुमी माघारी न्हेलं म्हंजी कळंल त्याला. उठा कुंडलिकराव, राग मानू नका, पर उठा. मला दिशाला फोन करायचाय.