पांढऱ्या पाकिटातली कलेजी

जबाब. शुक्रवार, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लिहिण्यास सुरुवात.

माझे नाव आणि घराचा पत्ता माझ्या विनंतीवरून वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात बंद केला आहे. त्याचे कारण पुढे येईल. वय चौसष्ट. व्यवसाय, मुलींच्या शाळेत शिवण व स्वयंपाक हे विषय शिकवत होते, आता निवृत्त. राहणार, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, सोबत भाचा.

समक्ष हजर राहून सांगते की, माझा भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय सत्तावीस. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करतो. बहीण गेली तेव्हा तो पहिलीत होता, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. लहानपणी फार बारीक असल्यामुळे शाळेतली मुले त्याला काडी पैलवान म्हणत. पुढे नुसते काडी राहिले. आता त्याचे दंड माझ्या मांडीएवढे झाले आहेत, तरी जिममध्येही त्याला काडीच म्हणतात. मीही तेच म्हणते.

परवा रविवारी त्याची शरीरसौष्ठवाची पहिली स्पर्धा आहे. त्याची निळी चड्डी मी शिवून दिली आहे. एवढ्याशा कापडात बाहुलीचा झगाही बेतता येणार नाही असे मी म्हटले होते, त्यावर तो खूप हसला होता. हे लिहायची गरज नाही असे मी हवालदार बाईंना म्हटले, पण त्यांनी लिहिले आहे.

स्पर्धेसाठी अंगावर चरबी राहू नये, नुसता स्नायू दिसावा, म्हणून तो वर्षभर बिनचरबीचे मांस खातो. सुरुवातीला कोंबडीची छाती खायचा. नंतर म्हणू लागला की ती सगळेच खातात, वेगळ्या जनावरांत प्रोटीन जास्त आणि चरबी नावालाही नसते. हे खरे की खोटे मला माहीत नाही. घरात ससा आला, लावा पक्षी आला, इमू आला, एकदा मगरीचे म्हणून काहीतरी पांढरे आले. हरणाचे आणले तेव्हा मी शिजवायला साफ नकार दिला आणि दोन दिवस आमचे बोलणे बंद होते. असे मांस लवकर चामड होते, म्हणून वरचा पातळ पापुद्रा सोलून, मंद आचेवर, तेल न घालता शिजवावे लागते. ते मी करत असे. आमच्या फ्रीजमध्ये प्राणिसंग्रहालय भरले आहे असे मी खालच्या टेलरमामांना सांगत असे.

हे मांस त्याला जिममध्ये येणारा एक माणूस देतो. त्याला सगळे फ्रीजरवाला म्हणतात, खरे नाव मला माहीत नाही. मध्यम उंची, डाव्या भुवईत खाच. आमच्याकडे पूर्वी तीन-चार वेळा आला आहे. दरवेळी चप्पल बाहेर काढून आत यायचा आणि मला मावशी म्हणायचा.

बुधवारी संध्याकाळी भाचा त्याच्याकडून दोन पाकिटे घेऊन आला. पाकिटे पांढरी, वर काही लिहिलेले नाही. एकात मांस, दुसऱ्यात कलेजी. कलेजी मोठी होती, गडद रंगाची. मी त्याला विचारले, ही कसली? मी शिकले त्या मिशनच्या शाळेत स्वयंपाकाच्या वर्गाला ज्या सिस्टर होत्या त्या नाव न लिहिलेला डबा उघडूसुद्धा देत नसत, आणि ती सवय मला आयुष्यभर राहिली आहे. माझ्या घरात मिठाच्या बरणीवरही मीठ असे लिहिलेले आहे. भाचा म्हणाला, "मावशी, नाव काय करायचंय? तू प्रोटीन बघ. एवढी स्वच्छ कलेजी पुन्हा मिळायची नाही म्हणालाय तो."

त्याच संध्याकाळी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथे सांगणे भाग आहे. जिमच्या वाटेवर बागेशेजारी घोडेस्वारीचे रिंगण आहे. तिथे बिस्किट नावाचा एक म्हातारा तांबूस घोडा होता. भाचा सात वर्षांचा असताना मी त्याला दर शनिवारी तिथे नेत असे. आई गेल्यापासून तो कुणाशी बोलत नव्हता. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलाला एखाद्या जनावराजवळ न्या. पहिल्या दिवशी त्याला वर बसवले तेव्हा तो इतका हलका होता की घोड्याने मान वळवून पाहिले, बसले आहे का कुणी. त्यावर भाचा हसला. कितीतरी दिवसांनी हसला होता. मोठा झाल्यावर त्याने स्वारी सोडली, पण जिमला जाताना खिशात गाजर घेऊन जायचे कधी सोडले नाही. स्वतः मोजून मापून खातो, पण बिस्किटच्या गाजराला माप नव्हते.

बुधवारी बिस्किटची जागा रिकामी होती. घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने भाच्याला सांगितले की, त्याला गावाबाहेर कुरणावर सोडले आहे, आता आराम करेल. भाच्याला ते आवडले. गाजर त्याने परत आणून फ्रीजमध्ये ठेवले. म्हणाला, "रविवारचं आटोपलं की कुरणावर जाऊन देतो त्याला."

आज सकाळी मी कलेजी सोलली. पापुद्रा आणि कडेचे तुकडे टेलरमामांच्या कुत्र्याला, ढोल्याला, नेऊन दिले. टाकून कशाला द्यायचे म्हणून मी नेहमी देते. तो जिन्यात माझी वाटच पाहत असतो.

अकराच्या सुमारास भाचा जिमहून आला आणि जेवायला बसला. मी मिरपूड आणि लिंबू घालून कलेजी दिली होती. तो म्हणाला की थोडी कडवट आहे. मी आणखी लिंबू पिळले आणि ताटात टाकू नकोस असे म्हटले. त्याने सगळी खाल्ली.

नंतर फार झोप येते म्हणाला आणि खोलीत जाऊन आडवा झाला. स्पर्धेआधी थकवा येतो हे त्याने सांगितलेले असल्यामुळे मी दार ओढून घेतले. दुपारी टेलरमामांनी खालून हाक मारून सांगितले की, ढोल्या दारू प्यायल्यासारखा चालतोय, बाई, तुम्ही काय पाजलंत त्याला. मला ती थट्टा वाटली. मीही काहीतरी उलट बोलले.

तीनच्या सुमारास भाच्याचे पुढचे जेवण असते. ते तो चुकवत नाही. मी हाक मारली, तो उठला नाही. हलवले, तोंडावर पाणी मारले. त्याचे ओठ निळसर होते आणि दोन श्वासांमध्ये इतका वेळ जात होता की दरवेळी मला वाटे हा शेवटचा. मी जिन्यातून टेलरमामांना हाक मारली. ती मी कशी मारली ते मला आठवत नाही. ते म्हणतात की संपूर्ण इमारत बाहेर आली.

रुग्णालयात त्याला श्वासाचे यंत्र लावले आहे. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, घरात झोपेच्या गोळ्या आहेत का, त्याचे कुणाशी बिनसले होते का, पूर्वी असा प्रयत्न केला होता का. मी नाही म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हटले, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही, आणि मग मलाही क्षणभर खात्री वाटेना. आपल्या मुलाच्या मनात काय आहे हे आपल्याला माहीत असतेच असे नाही. हे वाक्य मी बोलले आहे, राहू द्यावे.

साडेपाचच्या सुमारास मी त्याचे कपडे आणायला घरी आले. टेलरमामांच्या दुकानात ढोल्या कापडाच्या गठ्ठ्याजवळ पडला होता आणि जनावरांचे डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते. ढोल्या गेला होता. डॉक्टरांनी विचारले, याने काय खाल्ले? मी सांगितले. भाच्याचेही सांगितले. ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरला.

ते म्हणाले, "बाई, म्हाताऱ्या जनावराला शांतपणे घालवायचं एक इंजेक्शन असतं. ते कलेजीत साठतं. शिजवून जात नाही. या आठवड्यात मी ते एकाच जनावराला दिलंय."

मी विचारले, कुठल्या. त्यांनी सांगितले की मंगळवारी, रिंगणावरच्या म्हाताऱ्या घोड्याला. पाय मोडला होता. खोल पुरायला सांगून ते निघून आले होते.

डॉक्टरांनी तिथूनच रुग्णालयात फोन करून औषधाचे नाव कळवले. मग ते खड्डा पाहायला रिंगणाकडे गेले आणि मला राहिलेले पाकीट घेऊन पोलिसांकडे जायला सांगितले. मी वर गेले. फ्रीजमधून मांसाचे पाकीट काढले. शेजारी ते गाजर होते. ते गाजर मी इथे आणलेले नाही. त्याचा तपासाशी संबंध नसल्यास ते तिथेच राहू द्यावे.

पाकीट शिवणाच्या पिशवीत ठेवले तेवढ्यात दारावर टकटक झाली. मी साखळी लावून दार थोडे उघडले. फ्रीजरवाला होता. आज त्याने चप्पल काढली नव्हती. म्हणाला, माल जरा जुना निघाला, मावशी, राहिलेलं पाकीट द्या, बाकी तिघांकडूनही परत घेतोय. मी विचारले, कोण तिघे? तो माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे पाहू लागला. मी म्हटले, ते मी सकाळीच कचऱ्यात टाकले. त्याने फटीतून हात आत घातला आणि साखळीवर बोटे ठेवली. ओढली नाही, नुसती ठेवली.

तो म्हणाला, "काडी उठेल हो, झोपलाय नुसता. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका. तुम्ही एकट्या, त्यात तुमचा जिना अंधारा. सांभाळून उतरत जा."

हे तो अगदी प्रेमाने बोलला. भाच्याचे त्याला कुणी सांगितले ते मला माहीत नाही. नंतर त्याने हात काढला. त्याची पावले जिन्यात खालपर्यंत ऐकू आली नाहीत, मधेच थांबली. मी शिवणाची कात्री हातात धरून दाराला पाठ लावून उभी राहिले. शेवटी खिडकीतून टेलरमामांना हाक मारली. ते कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन वर आले तेव्हा जिन्यात कुणी नव्हते. ते मला इथपर्यंत घेऊन आले आहेत आणि बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांच्या कुत्र्याबद्दल ते मला एक शब्दही बोललेले नाहीत. कलेजीचे धुतलेले भांडे आणि मांसाचे पाकीट मी हजर केले आहे.

इथे जबाब थांबवण्यात आला. मी ठाण्याच्या साहेबांना सांगितले की आधी त्या तिघांना शोधा, माझे नंतर लिहा, कारण स्पर्धा परवा आहे आणि ते आज किंवा उद्या ते खाणारच. साहेबांनी जिमच्या सरांना फोन लावला. पाकिटे घेणारे आणखी तिघे असल्याचे सरांनी सांगितले. दोघे जिममध्येच होते, त्यांची पाकिटे न फोडलेली मिळाली. ती परत मागायला कुणीही आले नव्हते, म्हणजे फ्रीजरवाला त्या दोघांकडे गेलाच नव्हता, आधी माझ्याच दारी आला होता. तिसरा बसचालक आहे. तो कामावर असल्याने फोन उचलत नव्हता. त्याच्या घरचा नंबर सरांकडे नव्हता, पण घर माहीत होते. एक शिपाई मोटरसायकलवरून गेला. तो जाऊन त्याचा फोन येईपर्यंत साहेब बसचालकाला पुन्हा पुन्हा फोन लावत होते. हवालदार बाईंनी मला पाणी दिले, ते मी हातात धरून बसले.

शिपायाने कळवले की, बसचालकाच्या बायकोने कलेजी नुकतीच चुलीवरून उतरवली होती आणि दोन्ही मुलींना चव बघायला वाटीत काढली होती. वाट्या अजून गरम होत्या. मुलींनी खाल्लेले नव्हते. धाकटीला कलेजीचा वास आवडला नव्हता म्हणून मोठीही थांबली होती.

यानंतर जबाब पुढे सुरू.

फ्रीजरवाल्याकडे तो घोडा कसा गेला, त्यात मोतद्दाराचा हात आहे की नाही, हे मला माहीत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी इथे फोन करून खड्डा उकरलेला असल्याचे कळवले आहे. फ्रीजरवाल्याला मी समोर पाहिल्यास ओळखेन. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार आहे. मला त्याची भीती वाटते हे खरे आहे, परंतु हा जबाब मी कुणाच्या दबावाखाली दिलेला नाही. आज येथून रुग्णालयात जाताना आणि नंतर घराच्या जिन्यापर्यंत कुणीतरी सोबत असावे अशी माझी विनंती आहे. साहेबांनी ती मान्य केली आहे.

भाच्याबद्दल रुग्णालयाचे म्हणणे एवढेच आहे की रात्र निघायला हवी.

लिहिलेला सर्व मजकूर हवालदार बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. बिस्किटचे नाव आले तिथे मी त्यांना थांबवले आणि ते काढून नुसते एक म्हातारा घोडा असे लिहायला सांगितले, कारण हा कागद कोर्टात जाईल आणि माझा भाचा तिथे बसून तो ऐकेल. साहेब म्हणाले, सांगितलेले खोडता येत नाही, फार तर खाली वाढवता येते. म्हणून खाली वाढवते की, त्याने काय खाल्ले हे त्याला डॉक्टरांनी, पोलिसांनी किंवा जिममधल्या कुणीही सांगू नये. मीच सांगणार आहे. त्यासाठी तो जागा झाला पाहिजे.

एवढे वाढवून पुन्हा वाचून दाखवले. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही.