मागच्या नळीचा नट

मी, शिडाच्या होडीच्या मालकांची पत्नी, वय ६१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बंदरामागची गल्ली, घड्याळवाल्याच्या दुकानावर दुसरा मजला, आज शुक्रवारी दुपारी २ वाजून २० मिनिटांनी ठाण्यात आपण होऊन आले आहे आणि समक्ष सांगते की,

माझे पती, वय ६६, बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त, आज सकाळी पावणेसात वाजता एकटेच होडी घेऊन बाहेर गेले. नऊपर्यंत परत येतो असे सांगून गेले. अद्याप आलेले नाहीत. फोन लागत नाही. सव्वाबारा वाजता मी बंदराच्या ऑफिसात कळवले. तेथून शोधाची बोट सुटली. बंदराच्या रखवालदारास पतींनी दीपस्तंभाकडे जातो असे सांगितले असल्याने बोट उत्तरेस शोधत आहे. तिकडे शोधू नये, हे सांगण्यासाठी मी आले आहे.

मला खुर्ची देण्यात आली. मी बसले नाही. लिहून घेणाऱ्या हवालदारांस मी म्हटले, "आधी बोटीला कळवा, मग लिहा." ते म्हणाले, "बाई, काय कळवायचं ते आधी सांगाल तर खरं." म्हणून सांगते.

ही होडी आमच्याकडे अठरा वर्षे आहे. तिचे डिझेल इंजिन त्याहून बरेच जुने आहे. इंजिनात तापलेले तेल दोन रबरी नळ्यांतून बाहेर कूलरकडे जाते व थंड होऊन परत येते. त्या नळ्या कडक होऊन त्यांना चिरा पडल्या होत्या व सांध्यांशी तेल पाझरत होते. पाइपवाल्याने जुनी नळी हातात घेऊन वाकवली, तर ती मोडली. तो म्हणाला, "काका, ही नळी आहे की वाळलेली शेंग? नशीब समजा, बाहेर असताना फुटली नाही." त्याने त्याच मापाच्या दोन नव्या नळ्या बनवून दिल्या. नळ्यांत काही दोष नव्हता.

काम सोमवारी सुरू झाले. पुढचे तीन सांधे पतींनी बसवले. चौथा सांधा इंजिनाच्या मागे, फळीखाली आहे. तेथे पतींचा हात जात नाही. माझा जातो. अठरा वर्षे त्या भोकात पडलेला प्रत्येक स्क्रू मीच काढला आहे. एका पान्याने नळी धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर नळीला पीळ पडतो. तेथे दोन पाने मावत नाहीत, म्हणून नळी हातानेच धरावी लागते. पाना दर वेळी बोटभर फिरतो, काढायचा, पुन्हा लावायचा.

गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता मी पालथी पडून तो नट आवळत होते. पती वरून बॅटरी धरून होते. हाताला तेल लागल्याने पाना घसरत होता. पती म्हणाले, "हत्ती गेला, शेपूट राहिलं. झालं का गं?"

मी "झालं" म्हणाले.

झाले नव्हते. अजून पाव फेरा तरी बाकी होता. नट सैल राहिला.

त्यानंतर इंजिन धक्क्यावरच दहा मिनिटे चालवले. पतींनी सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरले होते, ते कोरडे निघाले. पती खूश होते. परंतु हे इंजिन थरथरते. ते गरम होऊन तासभर चालले की सैल नट आपोआप फिरत जातो, हे मला ठाऊक आहे. तेल गेले की इंजिन जाम होते. धोक्याचा बजर आहे, पण तो उगाच ओरडतो म्हणून पतींनी त्याची तार दोन वर्षांपूर्वीच काढली.

इंजिन बंद पडल्यास शिडावर का येणार नाहीत असे विचारल्यावरून सांगते की, मोठे शीड होडीवर नाही. ते फाटले असून ठिगळ लावण्यासाठी घरी माझ्या मशीनवर आहे. होडीवर फक्त पुढचे लहान शीड आहे. सकाळपासून वारा जमिनीकडून, ईशान्येचा आहे. लहान शिडावर वाऱ्याविरुद्ध परत येता येत नाही. होडी नैर्ऋत्येलाच वाहत जाणार. म्हणून तिकडे शोधावे.

आमच्यात भांडण होते का असे विचारल्यावरून सांगते की, होते. आमच्या मुलीला आठवा महिना आहे. ती एकटी आहे. मला महिनाभरापासून तिच्याकडे जायचे आहे. पती दर वेळी "एवढं इंजिन झालं की निघू" म्हणत. गुरुवारी सकाळीही म्हणाले. मी म्हटले, "तुमचं इंजिन होईपर्यंत नातवंड शाळेत जाईल." त्यावर ते हसले. मी हसले नाही.

आज सकाळी निघताना पतींनी दारात विचारले, "येतेस का? एक फेरी मारू. मग तू म्हणशील त्या गाडीने तुझ्या लेकीकडे." मी म्हटले, "मला शीड शिवायचंय." नटाबद्दल सांगायला तेवढा वेळ होता. ते चपला घालत होते.

नट मुद्दाम सैल ठेवला का असे विचारल्यावरून सांगते की, त्यांच्या जिवाला काही व्हावे असे माझ्या मनात नव्हते. रागापोटी, होडी निदान पुन्हा धक्क्यावर अडावी असे होते का, याचे उत्तर मी सकाळपासून शोधत आहे. नव्हते, असे मला लिहून देता येत नाही.

२ वाजून ५० मिनिटांनी ठाण्याच्या साहेबांनी माझ्यासमोर वायरलेसवर कळवले व बोट वळली, तेव्हा मी बसले.

पुरवणी जबाब, शनिवार, सकाळी १० वाजता :

काल सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी शोधाच्या बोटीस पती नैर्ऋत्येला नऊ मैलांवर सापडले. ते शुद्धीवर होते. तेलाचा काटा खाली आलेला पाहून त्यांनी इंजिन वेळीच बंद केले होते. गरम सांध्याकडे हात घालण्याचा प्रयत्न केल्याने उजव्या हाताची दोन बोटे भाजली आहेत. उन्हाने ओठ फुटले आहेत. डॉक्टरांनी त्यांना उद्यापर्यंत ठेवून घेतले आहे.

पतींनी रुग्णालयात दिलेल्या जबाबात तो नट त्यांनी स्वतः बसवला व त्यांच्याकडूनच सैल राहिला असे सांगितले आहे, हे मला आज दाखवण्यात आले. ते खरे नाही.

मी काल रात्री आठ वाजता त्यांना भेटले. ते म्हणाले, "अगं, मागचा नट सुटला." मी म्हटले, "मला माहीत आहे. मी तो पुरता आवळलाच नव्हता." ते म्हणाले, "पोलिसांना मी माझं नाव सांगितलंय. तू आता मध्ये पडू नकोस." मी म्हटले, "तुमचा हात तिथे जात नाही, हे अख्ख्या बंदराला माहीत आहे. कोण विश्वास ठेवणार?" ते हसायला गेले, पण ओठांमुळे त्यांना हसता आले नाही. मी त्यांना चमच्याने पाणी पाजले. नंतर ते म्हणाले, "मुलीला यातलं काही कळवू नकोस." मी तिला त्याआधीच सगळे सांगितले होते.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझ्या विरुद्ध काही करायचे असल्यास मी हजर राहीन. हा जबाब पतींना वाचून दाखवण्यास माझी हरकत नाही.

वरील सर्व हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या सांगण्यानुसारच लिहिले आहे, एक शब्द सोडून. "नट चुकून सैल राहिला" असे त्यांनी आपल्या मनाने लिहिले होते. त्यातला "चुकून" मी खोडायला लावला व तेथे सही केली. बाकी बरोबर आहे.