कोरी धरलेली बाजू

नाही काका, त्या दारातून नाही, ते दार तज्ज्ञांचं. तुम्ही इथेच बसायचं, या बाकावर, नंबर पुकारला की मग आत. थांबा, बादली सरकवते जरा, एसीचं पाणी तुमच्या बुटावर पडतंय — पर्यावरणाच्या निधीचं सल्लागार मंडळ, आणि एसीखाली बादली. तीन वर्षं तक्रार करतोय. एसी तोच आहे, बादली तेवढी दरवर्षी नवी येते. आणि तो नकाशा मांडीवर नका धरू, दुमडेल. भिंतीला टेकवा. कोणी चोरत नाही. इथे लोक नकाशे ठेवून जातात, न्यायला कोणी परत येत नाही, वरती माळ्यावर ढीग पडलाय.

तुमचा नंबर चौथा. दहा मिनिटं देतात — म्हणतात दहा, पण सातव्या मिनिटाला अध्यक्ष मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात. ठेवतात म्हणजे आपटत नाहीत हं, अगदी हळू ठेवतात, सभ्य माणूस. माझे मामा आहेत. सख्खे. हो, सगळ्यांचा चेहरा असाच होतो. मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तेव्हा आई भावाकडे रडत गेली आणि त्यांनी मला इथे चिकटवलं, टेबलाखाली च्युइंगम चिकटवतात तसं — दिसत नाही, पण हात घातला की लागतं. तेव्हापासून घरात मी मीठ जास्त झालं म्हटलं तरी आई म्हणते, मामांनी उभं केलं म्हणून बोलतेयस. त्या पिढीचं हे एक बरं असतं, उपकार एकदाच करायचे आणि आयुष्यभर जेवायचं त्याच्यावर.

काम काय? इतिवृत्त टाइप करते. बैठकीत कोण काय बोललं ते नव्हे — बोलले त्यातलं काय उरवायचं, ते. आणि कागद स्कॅन करते, फाइल लावते, सुनावणीला आलेल्यांना बाकावर बसवते. बाकी बसवायचं काम आतले करतात.

गमतीनं म्हटलं. हसला नाहीत तरी चालेल.

पण एक डोक्यातून काढा, हे नऊ जण पैसे देत नाहीत. पैसे सरकार देतं, आणि सरकारही कुठून — कर्जरोखे काढतं, आम्ही खाडी वाचवू, जंगल राखू, म्हणून बाजारातून उचलतं. आणि ज्यांच्याकडून उचलतं ते विचारतात, या कामाचा उपयोग होणार असं म्हणतंय कोण? मंत्री म्हणतात, या उत्तरावर कोणी छदाम देत नाही. म्हणून हे नऊ जण. पाण्याचा एक, हवेची एक, मातीचा एक, पैशातले तीन, असे. त्यांनी सर्वानुमते म्हटलं की कर्ज पटकन मिळतं, व्याजही कमी. आठ विरुद्ध एक झालं की फाइल परत, पुन्हा पाहणी, सहा-आठ महिने गेले. म्हणून सगळा जीव त्या एका शब्दात — सर्वानुमते. मामा तो शब्द आधीच टाइप करून ठेवायला सांगतात, बैठकीच्या आदल्या दिवशी, वेळ वाचतो म्हणून.

उगीच नावं ठेवत नाही मी. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांचं सांडपाणी होतं ना, वीस वर्षं सरळ पात्रात — ते यांनीच थांबवलं. यांनी सांगितलं नसतं तर त्या शुद्धीकरण केंद्राला कोणी कर्ज दिलं नसतं. त्या दिवशी मी इतिवृत्त टाइप करताना मला — जाऊ दे. वाटलं होतं काहीतरी. माणसाला वाटतं कधीकधी.

तुमचं प्रकरण मला पाठ आहे. सारांश मीच काढला, आठ पानांचा अर्ज अर्ध्या पानात. किनाऱ्याला दगडी भिंत झाली, पहिला टप्पा, आणि तिथून अडलेलं पाणी तुमच्या पाणथळीकडे वळलं. पाणथळीत निम्मा भराव, लव्हाळी गेलेली, पाणी जिरायला जागा कुठे — मग घरात. दोनदा. दुसऱ्यांदा खिडकीपर्यंत, आणि सुनेनं बाळाला कपाटावर ठेवलं, स्वतः कमरेइतक्या पाण्यात रात्रभर त्याचा पाय धरून उभी. हे कापलं मी सारांशातून. जागा नव्हती. "जीवितहानी नाही" असं लिहिलं, कारण नाहीच झाली ना. आज दुसऱ्या टप्प्याला मंजुरी द्यायची आहे. तुम्हाला ती थांबवायची आहे, आधी पाणथळ करा म्हणायचंय. आणि आत काय होईल सांगू? मामा शांतपणे म्हणतील, भिंत आधी आणि पाणथळ पुढील टप्प्यात हा क्रम तज्ज्ञांनी सर्वानुमते ठरवला होता, आपण तज्ज्ञ आहात का? तुम्ही म्हणाल, नाही, माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. झालं. घड्याळ टेबलावर.

नव्हता ना पण. क्रम. सर्वानुमते नव्हता.

काही नाही. पाणी हवंय का तुम्हाला? त्या मशीनचा उजवा नळ चालतो.

म्हणजे असं — इथली पद्धत अशी आहे की इतिवृत्ताचा मसुदा नऊ जणांना जातो, आणि सात दिवसांत कोणी काही कळवलं नाही की संमती धरायची. आठ जण संगणकावर वाचतात, म्हणजे वाचत नाहीत. एक जण कागदच मागायचे. मातीचे तज्ज्ञ. पेन्सिलवाले सर म्हणायचो आम्ही — कॉलेजात, मला होते ते शिकवायला. ते शेरा कधी पुढच्या बाजूला लिहीत नसत. पुढे फक्त सही आणि कोपऱ्यात एक बारीक बाण, शेरा मागे. का, तर म्हणे दुसऱ्याच्या मजकुरावर लिहिणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. आणि पेन्सिल इतकी फिकी की स्कॅनला बाण येतच नाही. आमचं मशीन एकच बाजू ओढतं. तर तो कागद आला, मशीनमधून गेला, सही आली, बाण आला नाही, मागची बाजू कोरी धरली. संमती. मशीनचा दोष, दुसरं काय.

मागे काय होतं? "भिंत आधी बांधल्यास पाणी पाणथळीकडे वळेल, तिथे अकराशे घरं आहेत. पाणथळ आधी. अन्यथा माझी असहमती नोंदवावी." आणि खाली छोटी आकृती, पाणी कसं वळेल त्याची. दोन बाण. तुमच्या नकाशात आहेत ना, तसेच.

... हो. वाचल्याशिवाय कसं सांगेन.

असं बघू नका. मी त्या सरांची तीन वर्षं विद्यार्थिनी होते, काका, मला मशीननं सांगायची गरज होती का ते मागे लिहितात म्हणून? माझ्या सगळ्या वह्या मागून भरलेल्या आहेत. शेवटच्या प्रकल्पावर त्यांनी लिहिलं होतं, "पाहिलेलं लिहीत नाहीस, ठरवलेलं लिहितेस." ते वाचलं आणि कॉलेज सोडलं, घरी मात्र सांगितलं की फी परवडत नाही. आणि हा कागद आला तेव्हा मसुद्याचा सातवा दिवस होता, पाच वाजत आले होते. मागचा शेरा इतिवृत्तात घालायचा तर आठ विरुद्ध एक, फाइल परत, मामांचा चेहरा, आईचा फोन. मी कागद उलटला, वाचला, परत सुलटा केला आणि मशीनमध्ये सरकवला. राग होता म्हणू? होता थोडा. पण खरं सांगू, राग असता तर बरं झालं असतं. कंटाळा होता. घरी जायचं होतं. अकराशे घरं हा एक आकडा होता हो, त्यात कपाटावरचं बाळ कुठे दिसतं.

पुढच्या बैठकीला सर आले, इतिवृत्त वाचलं, "सर्वानुमते" या शब्दावर बोट ठेवून बसून राहिले. मला वाटलं आता उठतील. नाही उठले. माझ्याकडे बघितलं नुसतं. आठवड्यानं राजीनामा आला — पुढची बाजू कोरी. मागे लिहिलं होतं, प्रकृतीच्या कारणास्तव. माणसानं जे बोलायचं ते पुढच्या बाजूला बोलावं की नाही? एवढे विद्वान, आणि मोठ्यांदा एक वाक्य म्हणता आलं नाही. त्यांनाही मी माफ करत नाही. मागच्या हिवाळ्यात गेले. म्हणजे आता विचारायची सोय नाही कोणाला. मी सोडून.

तिसऱ्याची वेळ संपत आली बघा. ऐका आता, नीट. मूळ कागद तीन वर्षं ठेवायचे, मग कापायच्या मशीनमध्ये. पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतात. मी त्याची तारीखही लावून ठेवली आहे, कॅलेंडरवर, माझ्याच अक्षरात. आत गेल्यावर बाळाचं सांगू नका, पाण्याचं सांगू नका, त्यांना ते ऐकायची सवय आहे. एवढंच म्हणा — त्या इतिवृत्ताला जोडलेल्या सहीच्या कागदाची प्रत नको, मूळ कागद दाखवा. अर्जदाराला तो हक्क आहे, नियम अठरा. कोणी वापरत नाही, कारण कोणाला माहीत नाही. मामा बेल वाजवतील, मला बोलावतील. मी कपाटातून आणून टेबलावर ठेवीन. सुलटा ठेवीन, मला उलटा ठेवता येणार नाही, ते तुम्ही म्हणायचं. उलटा करा म्हणायचं. मोठ्यांदा.

माझं? माझं काय. प्रत्येक कागदाला एक चिठ्ठी लावलेली असते, तिच्यावर छापील ओळ आहे — "दोन्ही बाजू तपासल्या" — आणि पुढे सही. कोणाची म्हणून ते विचारतीलच. तुम्हाला सांगायची गरज पडणार नाही.

चार नंबर. तुम्हीच. उठा. नकाशा घ्या.

आभार बिभार नको, काका. जा. दार ओढून घ्या मागे.