रुमालाची शर्यत

राज्यातली सर्वांत वेगवान मुलगी लोणारच्या स्टँडवर धावत गाडीत चढली, तेव्हा शेवटच्या रिकाम्या सीटवर सिंधूताईंचा रुमाल आधीच पडलेला होता. कंडक्टर ज्ञानेश्वर तिकिटं देता देता ऐकत होता.

“आजी, पहिली तं मी चढली!”

“अन् रुमाल मी खिडकीतून टाकला.”

“उद्या पुण्यात देशाच्या संघाची निवड आहे. पाय जपा लागते.”

“तू समता नं? तीनदा राज्यात पहिली आलेली? शंभर मीटरले किती वेळ लागते तुले?”

“पावणेबारा सेकंद.”

“मले रुमालाले दोनच लागले. बस आता तिथं.”

“अन् तुम्ही?”

“मले काय, इथं जवळच, बीबीलेच उतरा लागते. जिंकून ये.”

समता बसली. ज्ञानेश्वरनं घंटी ओढली. सिंधूताईंचं तिकीट बीबीच्या पुढचं, थेट जालन्याचं होतं.